सातवी सुनावणी

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता परवाना कक्षातल्या लोखंडी कपाटातून पत्र्याचं लांब नळकांडं बाहेर काढलं गेलं. त्यावरची लाखेची दोन्ही सिलं शाबूत होती. एक या सरकारचं, एक नदीपलीकडच्या सरकारचं. कक्षाच्या साहेबांनी सगळ्यांदेखत ती फोडली, झाकण काढलं आणि आतली गुंडाळी टेबलावर सोडली. पाच फुटी जाड कागद उलगडला, कडा वर उसळल्या. कोरा होता. उलटा करून बघितला, तर मागूनही कोरा.

अकरा वर्षं, सहा सुनावण्या, एकशे बारा मनोरे आणि दोन देशांच्या दोन सह्या. एवढं सगळं ज्या कागदावर असायला हवं होतं तो कागद धुवून वाळत घातल्यासारखा पांढराफेक.

हा नकाशा म्हणजे काय ते सांगायला हवं. अलीकडच्या धरणावरची वीज पलीकडच्या शहरांना द्यायची होती. त्यासाठी उच्च दाबाची वाहिनी नदी ओलांडणार होती, आणि नदीच्या मधोमध सरहद्द होती. कुणाच्या शेतात कुठला मनोरा उभा राहणार, तार कुठल्या बिंदूवर सरहद्द ओलांडणार, हे त्या नकाशावर होतं. आधीच्याच गुरुवारी पुलावरच्या मांडवात, सुनावणी संपल्यावर, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या. आता येत्या शुक्रवारी पुलावर परवाने आणि हा मूळ नकाशा यांची अदलाबदल व्हायची होती. ती झाली नाही तर करारानुसार सगळं रद्द आणि सुनावणी पुन्हा पहिल्यापासून.

वर बसलेल्यांना संध्याकाळपर्यंत एक मान हवी होती. कपाटाला कुलपं दोन. एक किल्ली साहेबांकडे, दुसरी अभिलेख सांभाळणाऱ्या बाईकडे, जिला सगळे किल्लीवाली म्हणत. साहेबांची मान जाड, किल्लीवालीची बारीक. फास नेहमी बारीक मानेच्या मापाचा विणायची सरकारला जुनी खोड. तिला सांगण्यात आलं की शुक्रवारपर्यंत नकाशा मिळाला नाही, तर चौकशी संपली आणि पोलीस सुरू.

चौकशीला दक्षता विभागाने मीटरबाईला पाठवलं.

२

मीटरबाईला हे नाव तिच्या जुन्या कामाने चिकटलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती दारोदार विजेचे मीटर वाचायला लागली. बारा वर्षं जिने चढली. खात्याच्या परीक्षा रात्रशाळेशिवाय, शिकवणीशिवाय दिल्या आणि दक्षता विभागात पोचली. शिकलेली माणसं तिच्या मागे हसायची, आणि तिला ते ठाऊक होतं. पण आकडा वाचावा तर तिने. घरात माणसं किती, कुणाकडे पाहुणे आले, कुणाची बायको माहेरी गेली, हे ती दारातल्या मीटरवरून सांगायची. तिच्या स्वतःच्या घरचा आकडा आई गेल्यापासून तीन वर्षं महिनोन्‌महिने एकच होता. चार युनिट इकडे नाही की तिकडे नाही. ज्या घरी कुणी येत नाही आणि ज्या घराला कुणाची वाट बघायची नाही, त्याचा आकडा असाच असतो, हेही तिला वाचता येत होतं.

तिने आधी किल्लीवालीला बसवलं. तिशीतली बाई, पदरात शाळेत जाणारी मुलगी. डोळे रडून सुजलेले, पण जीभ शाबूत होती.

"बाई, एका किल्लीने ते कपाट उघडत असतं, तर सरकारने दुसरी कशाला केली असती?"

पुलावरचा दिवस तिने जसाच्या तसा सांगितला. सह्या होत होत्या तेव्हा ती मांडवाच्या कोपऱ्यात मेणबत्तीवर लाख वितळवत होती. वारा सुटला होता. एक हात ज्योतीला आडोसा धरायला, दुसऱ्यात लाखेची कांडी. तिला हाक मारली तेव्हा गुंडाळी नळकांड्यात गेलेली होती. तिने झाकणावर लाख ओतली, दोन्ही अधिकाऱ्यांनी शिक्के दाबले, आणि नळकांडं थेट जीपमधून कपाटात आलं.

मग आला वाहिनी उभारणाऱ्या कंपनीचा माणूस. मे महिन्यातही टाय लावतो म्हणून त्याचं नाव टायवाला. बाजारात कुजबुज होती की कंपनीला आता हे काम अंगावरचं झटकायचंय, म्हणजे परवाना बुडाला तर तिचंच भलं. मीटरबाईने ते त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, झटकायचं असतं तर अकरा वर्षं या मांडवात घाम गाळायला त्याला काय वेड लागलं होतं. आणि सह्यांच्या वेळी तो मांडवात नव्हताच. फोनला रेंज फक्त पुलाच्या अलीकडच्या टोकाला येते, तिथे तो वरिष्ठांशी बोलत उभा होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या वहीत त्याची वेळ नोंदलेली निघाली. टाय सुटला.

दुपारी मीटरबाई एकटीच त्या कोऱ्या कागदापाशी बसली. कागद सगळ्यांनी वरून बघितला होता. मीटरची काच धुळीने माखलेली असली की ती डोकं तिरपं करून आकडा वाचायची, तसा तिने कागद खिडकीकडे तिरपा धरला. उजव्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. शाई नव्हे, सावली.

कागद कोरा नव्हता.

३

नकाशे काढणारे गृहस्थ तळमजल्यावर बसत. सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. मीटरबाईने त्यांच्याकडे मऊ शिशाची पेन्सिल मागितली. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. पण पेन्सिल देताना हात आखडला, आणि तो तिने बघितला.

कोपऱ्यावर तिने पेन्सिल आडवी, अलगद फिरवली. काळ्या पट्ट्यात दोन पांढऱ्या सह्या उमटल्या. डावीकडे साहेबांची, उजवीकडे पलीकडच्या अधिकाऱ्याची. बॉलपेनाने दाबून केलेल्या सह्यांचे वळ.

पुलावरचं टेबल म्हणजे खडबडीत फळ्या. त्यावर कागद ठेवून सही केली तर पेन अडकतं, म्हणून नकाशेकाका नकाशाखाली त्याच मापाचा एक कोरा जाड कागद अंथरत. अकरा वर्षांची रीत. तोच हा खालचा कागद. म्हणजे कपाट, कुलपं, किल्ल्या, सगळा गोंधळ फुकटचा. नकाशा कपाटातून गेलाच नव्हता. तो कपाटापर्यंत आलाच नव्हता. भर मांडवात, सत्तर माणसांच्या डोळ्यांदेखत, कुणीतरी वरचा सोडून खालचा कागद गुंडाळला होता.

हे तिने फोनवर वर कळवलं. वरून उत्तर आलं की छान, म्हणजे किल्लीवालीने ते पुलावर केलं. माणूस एकदा ठरला की गुन्हा त्याच्या मापाचा कापून मिळतो.

"गुंडाळी मीच केली," नकाशेकाका म्हणाले. "वय झालं. चुकून खालचा कागद आला असेल हातात."

मग वरचा कुठे गेला, यावर ते टेबलावरच्या पेन्सिली आवरायला लागले.

मीटरबाईने वाद घातला नाही. भिंतीवरचा एक जुना नकाशा काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि तेवढा गुंडाळून द्या म्हणाली. काकांनी तो उपडा केला, चित्राची बाजू बाहेर ठेवली आणि दोन झटक्यांत गुंडाळून दिला. असं का, म्हणून तिने विचारलं. ते कौतुकाने सांगायला लागले की चित्र आत ठेवून गुंडाळलं तर उलगडल्यावर कडा वर उसळतात, नकाशा टेबलावर बसत नाही. बाहेर ठेवलं की कडा खाली दबतात. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

बोलता बोलता ते थांबले.

सोमवारी तो कोरा कागद उलगडला तेव्हा त्याच्या कडा वर उसळल्या होत्या. सह्यांचे वळ आतल्या बाजूला होते. ज्याने तो गुंडाळला त्याला नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काका, चाळीस वर्षांत तुमचे हात खोटं बोलायला शिकले नाहीत," ती म्हणाली. "तोंड मात्र कालपरवा शिकलंय. कुणासाठी?"

काकांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

"तुमची पोर आहे ती किल्लीवाली, असं समजा आणि तिला सोडवा," ते म्हणाले. "पण बाई, त्याला शोधू नका."

४

त्याला, असं काका म्हणाले होते. म्हणजे किल्लीवाली उरत नव्हती. टायवाला फाटकावर होता. टेबलाला हात लागेल इतक्या जवळ मग तीनच पुरुष राहिले, पलीकडचा अधिकारी, दुभाषी आणि साहेब.

दुभाषी गोलमटोल, हसरा माणूस. दोन्ही सरकारांचं बोलणं इकडचं तिकडे करायचं हे त्याचं काम. गुंडाळी कुणी केली, असं विचारल्यावर तो म्हणाला की त्याच्या धंद्यात माणसांच्या तोंडाकडे बघतात, हातांकडे नाही. सह्या झाल्या झाल्या तो पलीकडच्या अधिकाऱ्याशी बोलत त्याला मांडवाबाहेर घेऊन गेला, आणि हे त्या अधिकाऱ्यानेही तारेने कळवलं. दोघेही संशयातून सुटले.

उरले साहेब.

आणि इथे गाडी रुतली. हा परवाना सगळ्यांत जास्त कुणाला हवा होता, तर साहेबांना. निवृत्तीला एक वर्ष, वाहिनी पुरी झाली तर वरची खुर्ची. माणूस वक्तशीर, खडूस, कुणाला अर्धा दिवस रजा न देणारा. स्वतःच्या ताटात कोण माती कालवेल?

जाता जाता दुभाषी एक गोष्ट बोलून गेला. पलीकडच्या बाधित खातेदारांची हजेरी घेणं खरं तर त्याचं काम. पण ते साहेब त्याला कधी करू देत नाहीत. सहाही वेळा यादी स्वतः वाचली. नावं नसतात, सुरक्षेसाठी फक्त क्रमांक. ते वाचायला दुभाषी कशाला, म्हणतात.

सुनावण्यांची ध्वनिमुद्रणं अभिलेखात होती. बुधवारचा अख्खा दिवस मीटरबाई कानाला यंत्र लावून बसली. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. सुनावणीचा दिवस म्हणजे काय हेही तिला त्यात ऐकू आलं. चाळीस वर्षांपासून तो पूल माणसांना बंद आहे. फक्त सुनावणीला दोन्ही काठांचे बाधित शेतकरी एका मांडवात येतात, मध्ये दहा फुटांची मोकळी जागा सोडून समोरासमोर बसतात. एकमेकांशी बोलायची परवानगी नाही. अकरा वर्षांत सहा दिवस फाटक उघडलं, तेही तारेसाठी. विजेला त्या नदीवरून जायला दोन सरकारं मांडव घालतात. माणसाला जायचं असेल तर बंदूक दाखवतात.

ती आकड्यांकडे लक्ष देऊन बसली होती. साहेबांचा कोरडा आवाज, क्रमांक एक. हजर. क्रमांक दोन. हजर. एकतीसपर्यंत सरळ. पहिल्या सुनावणीत तिला ते निसटलं. दुसरीत तिने यंत्र थांबवलं, मागे नेलं. मग सहाही फिती परत लावल्या.

क्रमांक सतरा. हजर. क्रमांक सतरा. हजर.

तीस जणांना एकदा बोलावलं होतं. एकाला दोनदा. तो पहिल्यांदाच खणखणीत ओ देत होता, तरीही दोनदा. सहाही वेळा.

५

गुरुवारी सकाळी तिने साहेबांच्या खोलीचं दार आतून लावलं आणि त्यांच्या सेवापुस्तिकेतला सुरक्षा फॉर्म टेबलावर ठेवला. सीमेपलीकडे नातेवाईक असल्यास तपशील, या रकान्यात तीस वर्षांपूर्वीच्या अक्षरात लिहिलं होतं: नाही.

"सतरा नंबर तुमचा कोण लागतो?"

साहेबांनी आधी आवाज चढवला. मग तिने एकेक करून सांगितलं. सह्यांचे वळ, चुकीच्या बाजूने केलेली गुंडाळी, टेबलापाशी उरलेला एकच माणूस, आणि दोनदा घेतलेली हजेरी. शेवटच्या गोष्टीला आवाज खाली आला आणि परत चढला नाही.

थोरला भाऊ. साहेब सतरा वर्षांचे असताना शिकायला अलीकडे आत्याकडे आले, आणि त्याच वर्षी पूल बंद झाला. भावाने त्यांना पुलापर्यंत पोचवलं होतं, सुट्टीत ये म्हणाला होता. फॉर्ममध्ये खरं लिहिलं असतं तर नोकरी मिळाली नसती. लिहिलं नाही, म्हणून चौकशीच्या भीतीने पत्र पाठवता आलं नाही. मग अकरा वर्षांपूर्वी ही फाइल आली. पलीकडच्या बाधितांच्या यादीत गावाचं नाव दिसलं, आपल्याच शेताचा गट दिसला, आणि पहिल्या सुनावणीला समोरच्या रांगेत तो बसलेला दिसला. ओळख दाखवली असती तर दोघांचीही धडगत नव्हती. त्याने दाखवली नाही, यांनी दाखवली नाही.

"तेवढा एक शब्द आहे आमच्यात," साहेब म्हणाले. "हजर. तो ऐकायला मी दोनदा विचारतो. तो दोनदा सांगतो. त्याला कळतं मी का विचारतो."

परवाना झाला की सुनावणी संपली. गेल्या गुरुवारी सही करताना त्यांनी समोर बघितलं, तर भाऊ खोकत होता. रुमाल तोंडाला लावून, वाकून. सह्या झाल्या, दुभाषी बाहेर गेला, काकांनी पेनं गोळा करायला पाठ वळवली. साहेबांनी काही ठरवलं नव्हतं. हातांनीच खालचा कागद ओढून गुंडाळला. काका वळले, बघितलं, आणि न बोलता झाकण पुढे केलं. अकरा वर्षं ती दोनदाची हजेरी त्यांनीही ऐकली होती.

नकाशा कुठेय, असं तिने विचारलं. सुनावणीचा कापडी फलक आहे ना, मांडवावर लावतात तो, मांडव उतरताना त्याच्या गुंडाळीत सरकवला. भांडारात. पुढच्या सुनावणीशिवाय तो कुणी उघडणार नव्हतं. सातव्या सुनावणीला तो आपोआप सापडला असता.

साहेबांनी खणातून एक पाकीट काढलं. शुक्रवारची तारीख घातलेला कबुलीजबाब, हलगर्जी माझी, किल्लीवाली निर्दोष. मुदत टळली की तो देणार होते.

मीटरबाईचा इथे तोल गेला. आवाज मात्र तिने वाढवला नाही.

"चार दिवस त्या बाईच्या घशाखाली घास उतरला नाही. तिची पोरगी शाळेत चोराची मुलगी झाली. तुमची भावाची ओढ तुम्ही तिच्या डोक्यावर ठेवून चाललात साहेब, आणि खणात पाकीट ठेवून स्वतःला भला माणूस समजलात."

साहेबांनी पाकीट तिच्यापुढे सरकवलं. म्हणाले, उद्या नकाशा घेऊन जा, नाव माझं लिहा. फक्त एक सांगा, पुन्हा सुनावणी लागायची काही वाट आहे का. तिने नाही म्हणून सांगितलं. नकाशा होता, सह्या खऱ्या होत्या, मुदत शिल्लक होती. तसला माणूस लहान मुलासारखा मान हलवत बसलेला तिला बघवेना. त्याच्याकडे वाट बघायला चाळीस वर्षं कुणीतरी होतं, याचा तिला क्षणभर हेवा वाटला, आणि त्या हेव्याची लाजही वाटली.

दाराबाहेर आल्यावर ती सरळ अभिलेखात गेली आणि दोन सरकारांमधला करार मागवला. एकशे चाळीस पानं होती. ती पहिल्या पानापासून वाचायला बसली.

६

शुक्रवारी अकरा वाजता पुलावर दोन टेबलं मांडली होती. नकाशा फलकातून निघाला होता आणि किल्लीवालीने तो स्वतःच्या हाताने आणला होता. वर अहवाल पोचला होता, साहेब निलंबित होते, आणि तरीही आरोपी म्हणून पुलावर हजर होते. कारण मीटरबाईने कराराच्या एक्क्याण्णवाव्या कलमावर बोट ठेवलं होतं. मूळ दस्तऐवज ताब्यातून सुटला असेल, तर अदलाबदलीआधी चौकशी अधिकाऱ्याने दोन्ही काठांच्या एकेका बाधित खातेदाराचा जबाब, आरोपीच्या समक्ष, घ्यावा. कलम कुणी कधी वापरलं नव्हतं. लिहिणाऱ्यालाही आठवत नसेल. पलीकडच्या अधिकाऱ्याने खांदे उडवले आणि कुठला खातेदार हवा ते विचारलं. तिने क्रमांक सांगितला.

अलीकडच्या काठावरच्या एका शेतकरीण बाईचा जबाब पाच मिनिटांत उरकला. मग फाटकातून तो आला. सदुसष्ट वर्षांचा, काठी टेकत. कपाळ साहेबांचं, नाक साहेबांचं. सत्तर माणसांत अकरा वर्षं हे कुणाला दिसलं नाही, कारण सगळे कागदांकडे बघत होते.

मीटरबाईने दोघांना समोरासमोर बसवलं. मध्ये दहा फूट नाही, दीड फुटाचं टेबल. तिने प्रश्न विचारला, दुभाष्याने त्याचं भाषांतर केलं. समोर बसलेल्या आरोपीला ओळखता का?

म्हाताऱ्याने साहेबांकडे बघितलं. डोळ्याची पापणी लवली नाही.

"नाही," तो म्हणाला.

साहेबांनी हात टेबलावर ठेवले.

"खोटं बोलतोय तो," साहेब म्हणाले. "थोरला भाऊ आहे माझा."

हे ते अधिकाऱ्यांच्या भाषेत बोलले नव्हते. नदीकाठच्या घरातल्या भाषेत बोलले होते. दुभाषी भाषांतर करायला तोंड उघडून तसाच राहिला.

"गाढवा," म्हातारा म्हणाला, "नोकरी जाईल ना तुझी."

"गेली."

"मग आता खाणार काय?"

"तू काय खातोस?"

म्हाताऱ्याला हसू आलं, हसण्यात खोकला आला, आणि खोकल्यात त्याने टेबलावरचा धाकट्याचा हात घट्ट धरला. पलीकडचा शिपाई पुढे सरसावला. मीटरबाईने पेनाचं टोक वर केलं आणि त्याला मागे सारलं. जबाब चालू असताना साक्षीदाराला हात लावता येत नाही, हेही त्याच कलमात होतं.

आई कधी गेली हे साहेबांना तिथे कळलं. विहीर आटली, मोठ्या पुतण्याला जुळी झाली, वहिनी अजून भांडते, हेही कळलं. दुभाषी काही वेळ हळू आवाजात सांगत होता, मग त्याने सांगणं सोडून दिलं आणि तिनेही विचारलं नाही. बारा वाजले, दोन वाजले. तिच्या कागदावर एक प्रश्न होता आणि त्याखाली एक नाही. तिला त्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, पण ती तिथून हलली नाही.

साडेतीनला पलीकडचा अधिकारी घड्याळ बघत आला. परवाने तयार होते, टायवाला ताटकळला होता, फाटक पाचला बंद होणार होतं. एका प्रश्नाला इतका वेळ लागतो का, असं त्याने दुभाष्यामार्फत विचारलं. अजून किती, काय लिहायचं?

"लिहा, साक्षीदाराचा जबाब चालू आहे," मीटरबाई म्हणाली. "पाच वाजेपर्यंत."